पावशेर हुलगे

मंगळवार पेठेत पावशेर हुलगे मागितले.
"भाजून दळा, माडगं फक्कड होतंय," दुकानदार म्हणाला.
मी म्हटलं, भाजायचे नाहीत, शिजवायचेही नाहीत.
तो बघत राहिला, आणि तरी
वर दोन चिमटी जास्त टाकले.

निवडले. खडे निघाले चार.
मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजले,
सकाळी वाटले प्रयोगशाळेच्या मिक्सरमध्ये.
झाकणावर बोल्ली मॅडमचं अक्षर: खाण्यासाठी नाही.
बाहेर त्रेचाळीस.
लाईट गेली की फ्रीजचं दार कुणी उघडायचं नाही,
हा इथला पहिला नियम, बाकीचे फळ्यावर.

गाळून उरतं ते फिकट पाणी.
त्यात लेक्टिन. म्हणजे प्रथिनच, पण हात असलेलं.
रक्तपेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या लोंबतात,
त्यांच्या टोकाची एकच साखर याला कळते.
तिचं नाव एवढं लांब, की इराण्णा सर
मध्येच श्वास घेतात.
सापडली की हा हिला धरतो, तिला धरतो,
आणि काचेवर रक्त फुटतं
तांबड्या रव्यासारखं.

शेतातल्या हुलग्याला माणसाच्या रक्ताशी काय काम?
मी विचारलं होतं.
सर म्हणाले, नक्की ठाऊक नाही.
मला ते उत्तर आवडलं.

आज दोन नळ्या, दोन्ही ए गटाच्या.
एक यंत्रमागावरच्या नरसय्याची: थेंब पडला आणि रवा.
दुसरी माझी.
काच हलवली, डावीकडे, उजवीकडे,
भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं.
रक्त तसंच,
सरबतासारखं सपाट.

"ए-दोन," मॅडमनी वहीत लिहिलं.
"ती साखर तुझ्यातपण आहे गं, पण वीण विरळ.
नरसय्याची चादर, तुझा पंचा.
हात पोचतो, धरायला पुरेसं मिळत नाही."

पस्तीस वर्षं हुलगे खाल्ले मी.
तापात माडगं, थंडीत माडगं,
बाळंतपणात तर वास नको होईपर्यंत.
आणि कच्चा हुलगा मला ओळखत नाही.

पुडीतले उरलेले मूठभर घरी आणले.
कुकरच्या चार शिट्ट्या.
त्या उकळीत हात उलगडून गेले असतील सगळे,
आता नरसय्यालाही नाही धरणार.
कढणाला लसणाची फोडणी दिली.
मुलानं एक घोट घेतला, म्हणाला,
मीठ विसरलीस.