पाट्यांची वाट

वास्करानच्या फाटकापाशी वहीत नाव लिहायचं,
वय लिहायचं, आणि कुठून आलात.
तिन्ही लिहून होईतो मी दमले.
इतक्या उंचावर
अक्षरसुद्धा चढणीचं असतं.

एर्मेलिंडा हसली. गालात कोकाची पानं,
टोपीच्या पट्टीत सुकलेलं निळं फूल,
हातात गाढवाचा दोर.
गाढवाचं नाव नोटारियो.
"सारखा कुणाचा ना कुणाचा कागद चघळत असतो, म्हणून."
त्याच्या पाठीवर गोणपाटात गुंडाळलेलं
काहीतरी लांबडं.
मी विचारलं नाही. विचारायला श्वास लागतो.

वाटेच्या कडेने पाट्या आहेत,
लोखंडी खांबावर नुसतं साल:
त्या साली बर्फ इथवर होता.
माझ्या जन्माचं साल एका खडकाआड भेटलं.
तिथे आता तावरीचे निळे तुरे,
आणि उद्यानाच्या नियमांत न बसणारी एक गाय
निवांत रवंथ करत बसलेली.

दहा पावलं, मग उभी. पुन्हा दहा.
शाळा सुटली तिथून लग्नापर्यंत
नुसती घसरडी मुरमाड.
लग्नापासून आई गेली त्या सालापर्यंत
चाळीस पावलं. मोजली.
त्यानंतर मात्र पाट्या लांब लांब होत गेल्या;
मी तीच, धापही तीच,
घाई बर्फाला झालेली.

"बाप माझा इथून बर्फ न्यायचा,"
एर्मेलिंडा सांगत होती, न थांबता, न धापता.
"कुऱ्हाडीने तोडायचा, इचू गवतात बांधायचा,
पहाटे वारासच्या बाजारात.
लोक किसून, वर लाल पाक ओतून खायचे.
उतरेपर्यंत पाठ चिंब.
म्हणायचा, डोंगर मुततोय माझ्यावर."

म्हणजे असाच संपला का, मी विचारलं,
आणि विचारल्यावर लाजले.
तिने पानं या गालातून त्या गालात नेली.
"तो आठवड्याला दोन ओझी न्यायचा.
बाकीचा कुणी नेला ते तू शोध.
तू शिकलेली दिसतेस."

पाट्या संपल्या.
शिखर वर होतंच, फोटोत असतं तसं पांढरं.
पण पाय त्याचा इथे, खाली,
काळपट, मळका, आतून टपटपणारा;
आणि पायाशी तळं,
दुधात नीळ कालवून कुणी विसरून गेल्यासारखं.

तिने गोणपाट सोडलं.
कोरा खांब, रंगाचा डबा, एक ब्रश.
"यंदाची," ती म्हणाली. "खांबामागे वीस सोल."
रेंजरने तीन आठवड्यांपूर्वी
दगडावर लाल ठिपका करून ठेवला होता.
बर्फ ठिपक्यापासून सहा पावलं मागे गेलेला.
मग कुठे रोवायचा? ठिपक्यावर की तिथे?
ती जरा थांबली.
"ठिपक्यावर. पैसे ठिपक्याचे आहेत."

खड्ड्यात तिने आधी तीन पानं टाकली,
फुंकर घातली, डोंगराशी काही बोलली.
डोंगराला ती हिर्का म्हणते.
शब्द कळले नाहीत, सूर कळला:
खाटेवरच्या माणसाला आपण म्हणतो ना,
आज जरा बरा दिसतोयस.

मी खांब धरला. तिने दगडाने ठोकला.
प्रत्येक ठोका माझ्या दाढांत.
मग जीभ दातात धरून, शाळकरी पोरीसारखी,
तिने पिवळ्या रंगात साल लिहिलं.
आम्ही दोन पावलं मागे सरून बघत असताना
नोटारियो आला
आणि मान खाजवायला लागला खांबावर, मनसोक्त.
शिव्या केचुआतल्या होत्या. त्याही सुरावरून कळल्या.
खांब तिरका झाला तो झालाच.

उतरताना श्वास परत येत गेला,
एकेका सालाला थोडा थोडा.
पुढे नोटारियो,
मानेवर यंदाचा आकडा उलटा उमटलेला.
माझ्या जन्माच्या पाटीशी तो थांबला.
गाय उठली, जवळ आली,
तिने तो आकडा हुंगला,
आणि जीभ लावून बघितली.