आकडे मी लिहायचे

वीरकुमार मगदूमकडं व्हिडिओ गेम आला
तेव्हा निपाणीत तंबाखूचा भाव चढा होता.
मस्कतच्या मामानं आणलेला. काळा, चपटा, जड डबा,
कॅसेट शाळेच्या पाटीएवढी,
दांड्याशेजारी चार बटणं: लाल, पिवळं, हिरवं, निळं.
अठरा हजार.
"नुसत्या डब्याचे. कॅसेटचे वेगळे,"
वीरू पुन्हा पुन्हा सांगायचा
आणि आम्ही पुन्हा पुन्हा पहिल्यांदाच ऐकायचो.

आई दिवसाला हजार विड्या वळायची.
हजारीला बावीस रुपये.
मी पाल्याच्या पुड्याच्या कागदावर भागाकार मांडला:
आठशे अठरा दिवस, बाकी चार.
एक सण न पाळता, एक विडी छाट न जाता.
आईला दाखवला. ती सुपातून मान वर न करता म्हणाली,
"चार कशाला सोडतीस? गूळ येतोय त्यात."

तात्यांना घरात गोंगाट नको, म्हणून डबा वखारीत.
पोत्यांवर पोती, पोत्यांवर आम्ही,
आणि मध्ये रंगीत टीव्हीत
दोन गडी एकमेकांना आगीनं मारतायत.
तंबाखूची धूळ नाकात. इकबाल बागवान
नेमका शेवटच्या फाइटीला शिंकायचा आणि हरायचा.
बसू हुद्दार जिंकता जिंकता ओरडायचा, "तडी, तडी!"
थांबायचं कुणी? कुणीच नाही.

मला दांडा मिळत नसे.
पण केईबीची लाईट गेली की डब्यातले सगळे आकडे पुसले जात,
आणि मग मारामारी खरी व्हायची.
म्हणून मला ठेवलं.
चुन्याच्या भिंतीवर, कोळशानं, आकडे मी लिहायचे.
बसूचे कानडीत. तो म्हणायचा, माझे माझ्यात लिही.
बाकीच्यांचे आपल्यात.
तात्यांचा मुनीम एकदा बराच वेळ ते वाचत उभा राहिला,
त्याला वाटलं बोदांचा हिशोब आहे, आणि चुकलाय.

एक नोव्हेंबरला गाव बंद.
एका गल्लीत काळ्या फिती, दुसरीत लाल-पिवळा झेंडा,
शाळेला सुट्टी, चौकात पोलिसांची गाडी.
वखारीचं दार आतून लावून आम्ही सकाळपासून.
पडद्यावर जपानी अक्षरं यायची
ती एकालाही येत नव्हती.
भांडण होतं ते दांड्यावरून,
आणि वीरूच्या आईनं पाठवलेल्या चिरमुऱ्यांवरून.

दुपारी सगळे हरून दमले तेव्हा मी म्हटलं,
"मी खेळतो की जरा."
वीरू हसला. सरकला मात्र.
लाल बटण माझ्या अंगठ्याखाली गरम होतं,
त्यांच्या सगळ्यांच्या हातांनी.
इतके दिवस बघून मला सगळं पाठ होतं
आणि हाताला काहीच येत नव्हतं.
तरी एकाला पाडला. दुसऱ्याला पाडत आणला.
तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात बसूनं विचारलं, "किती झालं गं?"
मी चाचपडत भिंतीशी गेले आणि लिहिलं.

गेल्या महिन्यात वीरूचा फोन आला.
वखार विकली, तिथं मंगल कार्यालय होतंय, बघून जा.
बसू हुबळीहून आला. इकबालचं पोट सुटलंय.
डबा खोक्यातच होता, थर्माकोल सकट.
इकबाल म्हणाला, आता याचे लाखात देतात लोक.
नव्या टीव्हीला त्या वायरीचं भोकच नाही.
आम्ही चौघं त्याच्याकडं बघत चहा प्यालो.

मग मोबाईलच्या उजेडात भिंत.
कोळसा अजून होता, अर्धा पोपड्यात गेलेला.
बसूनं स्वतःचे कानडी आकडे बोटानं वाचले,
एका ठिकाणी अडला, मला विचारलं.
सगळ्यात खाली माझं नाव, पुढं पाच आकडे.
"बेचाळीस हजार! गं बाई, तू तर इकबालला मागं टाकलीस की,"
वीरू म्हणाला. इकबाल शिंकला.

मी काही बोलले नाही.
चोवीस होते.
उद्या भिंत पाडणार म्हणतात.