लोकलटाइम

ऑर्लिंडाबायचा मुलगा तारवटी.
त्यानं नवा घेतला, म्हणून हा जुना लॅपटॉप घरी,
आणि घरून पावाच्या पिशवीतून
कुडचड्याला, माझ्या दुकानात.
की-बोर्डात मीठ. 'एन' दाबला की उठत नाही.
घड्याळ साडेनऊ तास मागे.

'बिघडलंय?'
नाही म्हटलं. पोटात नाण्याएवढा सेल आहे,
त्याच्या जोरावर आतलं घड्याळ नीट चाललंय.
गाव कुठलं, हे त्याला कुणी विचारत नाही.

'मग कळतं कसं, आपण कुठं आहोत?'

स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.
कळत नाही, बाय.
आधी टीझेड नावाच्या डबीत बघतं,
कुणी काही लिहून ठेवलंय का. बहुधा रिकामी.
मग लोकलटाइम नावाची फाइल उघडायला जातं
तर ती फाइलच नव्हे, नुसतं दाखवणारं बोट:
तिकडे बघ.
तिकडे शहरांच्या नावांचं लांबलचक कपाट,
खणाखणात जुन्या कायद्यांची बाडं,
कुठल्या साली कुठल्या सरकारनं काटे किती सरकवले.
काहीच नाही सापडलं
तर शून्य धरून चालतं, तक्रार न करता.

बोट पोर्ट ऑफ स्पेनकडे होतं.
मुलानंच कधीतरी धक्क्याला लागल्यावर वळवलं असणार.
मी यादीत गोवा शोधलंही नाही,
सवयीनं कोलकाता निवडलं.

'कलकत्ता?' ती हसली. 'हांव थंय केन्नाच वचूंक ना.'
मीही नाही गेलो. पण कुणीतरी एकदा बोट वळवलं
आणि त्या वेळेवर मी शटर उघडतो, जेवतो.
तिचा बाप झोपला तेव्हा, म्हणाली,
बोट भलतीकडेच होतं.
सकाळी जुवारी तिथंच.

एंटर दाबलं. फाइलींच्या वेळा एकदम हलल्या.
'हिशेब तीन' रात्री अकरा चाळीसचा होता,
झाला सकाळी नऊ दहाचा. तारीखही एकानं पुढे.
ती घाबरली, पुसलं की काय.
नाही. क्षण तोच आहे,
आता तो इथून दिसतोय.

ती वाकून बघत राहिली,
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
'गुरुवार, नऊ दहा.
तेव्हा मी बँकेबाहेर, पासबुक भरायला.
दार उघडायचं होतं अजून.'

'एन' बसला, पण करकरतो.
दीडशे झाले. तिनं दोनशे ठेवले,
सुटे राहू दे म्हणाली,
पायरीवरून परत आली आणि घेऊन गेली.