बोटभर जागा

थकलेला फरक एकरकमी आला : बावन्न हजार तीनशे.
देवानंद म्हणाला, फ्रीज. सासूबाई म्हणाल्या, पोत.
मी म्हणाले, सायकल.
मग बराच वेळ नुसतं भुरकण्याचं
आवाज करणारं वरण.

सायकल म्हणजे कॅरिअरवर डबा बांधायची ती नव्हे.
ती, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल वळलेली.
एकदा पहाटे चौपदरीवरून चौघे तशा घेऊन गेले,
मी तेव्हा खांबावर होते, जंपर बदलत.
वरून त्यांच्या पाठी दिसल्या
आणि चाकांचा आवाज, केस विंचरल्यासारखा.
तो वर्षभर कानातून गेला नाही.

भिंतीवर कस्तुरीच्या उंचीच्या रेघा आहेत,
पहिलीपासून आठवीपर्यंत.
त्यांच्यात मी माझी एक घातली :
अनवाणी, पाठ टेकवून,
मांड्यांमध्ये रीडिंगचं जुनं रजिस्टर घट्ट वर ओढून.
कस्तुरीनं टेप लावला. सत्त्याहत्तर.
चाळीस वर्षांत ब्लाउज सोडून
माझं कोणी काही मोजलं नव्हतं.

यवतमाळला दुकानातल्या पोरानं लाल काढली.
पुढचा फोर्क कार्बनचा, गिअर अठरा,
टायर पंचवीसचं, बोटाएवढं.
उचलली तर रिकाम्या सुपासारखी.
"मॅडम, पन्नासच्या आत हिच्यापुढे काहीच नाही."
खोटं कशाला सांगू, चालवली आणि
परत वळायचं विसरले.
पोरगा स्कूटर घेऊन मागे आला.

पण चौपदरी माझ्या दारावरून जात नाही.
दारापासून तिथवर सहा किलोमीटर,
त्यात दोन डांबराचे, तेही मागच्या इलेक्शनचे.
बाकी गिट्टी, आणि पऱ्हाटीच्या वावरांतून
ट्रॅक्टरांनी ओढत आणलेली काळी माती.
ती मला ठाऊक आहे.
खांबापर्यंत जाताना बुटाला चढते,
मग बुटावर बूट चढतो,
मग पाय आपला राहत नाही.

मी लालच्या चाकात आणि फोर्कात करंगळी घातली.
अडकली.
काढून घेतली, ओढणीला पुसली.

कोपऱ्यात दुसरी होती. शेवाळी, स्टिकर उचकटलेलं,
दीड किलो जड, गिअर सोळा,
डिस्कचे ब्रेक, केबलवाले. टायर बत्तीसचं.
तिथं अंगठा घातला, फिरवला, फिरला.
"ही स्लो आहे मॅडम."
"मातीत तुही लाल कुठं पळते, बापू?"
साइज बावन्न. हँडल थोडं लांब पडत होतं,
त्यानं आखूड स्टेम बसवून दिला,
फुकट, पण रुसून.
एक्केचाळीस हजार पाचशे. वर हेल्मेट, पंप, दोन ट्यूब,
आणि गादीची चड्डी,
ती मी पेपरात गुंडाळून आणली.
उरल्यात फ्रीजचा पहिला हप्ता बसला.

गावानं एकच विचारलं, केवढ्याले पडली?
मी म्हणाले, सतरा.
"बाप्पा! सतरात तं सेकंडहँड गाडी येते,
पायही मारा लागत नाही."

कवडू पंक्चरवाल्यानं तेवढी किंमत विचारली नाही.
उकिडवा बसला, टायर दाबलं,
व्हॉल्व्हची टोपी काढली, आणि त्या बारीक
पितळी काडीकडे पाहत राहिला.
"याले माहा पंप नाही लागत, बाई."
एवढंच. टोपी परत लावली,
हात पुसून दुसऱ्याच्या चाकाकडे वळला.

महिनाभर मी सगळं ताडून पाहिलं होतं. हे नव्हतं.

पुढच्या मंगळवारी ऑफिसच्या कामानं यवतमाळला गेले
तेव्हा चाळीस रुपयांना एक, असे
पितळेचे दोन अडॅप्टर घेतले.
एक माझ्या सीटखालच्या थैलीत.
एक कवडूच्या डब्यात,
छर्रे, कॉटरपिना, वॉशर यांच्यात,
बिडीच्या कागदात बांधून.
आल्यागेल्याला काढून दाखवतो म्हणे.

पंक्चर अजून झालेली नाही.