रेग्युलेटर

रेग्युलेटरवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणतो : बंद.
गिझरचा लाल डोळा : मिटलेला.
कुलूप तीनदा ओढायचं. चौथ्यांदा ओढलं
की सगळं पहिल्यापासून.

तरी बस भंवरकुआँला पोचते
आणि हाताला आठवत नाही.
डोक्याला आठवतं, हाताला नाही.
पूर्वी उतरून परत यायचो लोकमान्य नगरला,
भोंगे, तळणाचे वास अंगावर घेत.
आता फोनमध्ये फोटो असतो, आजचा, नऊ सतराचा.
बघतो. पुन्हा बघतो.

एकतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी नाव सांगितलं : ऑटिझम.
दादा अजून म्हणतो, अती करतोस.

काल रात्री दारावर दोन टकटक.
बेल नाही; खालच्या रेगेकाकूंना माहीत आहे.
"अच्युत, वास येतोय का बघ रे,
मला हल्ली कळत नाही."

येत होता.
नळी मानेपाशी चिरलेली.
बटणाला हात लावू नका, म्हणालो.
खिडक्या उघडल्या. बोट ठेवलं : बंद.
"बंद," त्याही म्हणाल्या, माझ्याच सुरात.

मग जिन्यात बसून राहिलो, वास जाईपर्यंत.
मी पायऱ्या मोजल्या. सतरा.
"भरल्या ना?" काकूंनी विचारलं.