सतरा नंबरचा फॉर्म

घोडपदेवची म्युनिसिपल शाळा संध्याकाळी सातनंतर
आम्हाला एकच खोली देते, पहिलीची.
बाकं वीतभर.
सतरा वर्षांचा मुबीन बसला
की त्याचे गुडघे कानांशी बोलतात.
प्रज्ञाशील सरळ जमिनीवरच,
पाठ भिंतीवरच्या कागदी सशाला टेकून.

पुस्तक दहावीचं, तक्ता तोच:
अ अननसाचा, आ आईचा.
पहिल्या आठवड्यात मी त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं,
पोरांना कमीपणा नको म्हणून.
सेल्वीनं ते काढून घडी घातली.
"राहू दे बाई, आमचं आता काय लपवायचं?"

सेल्वी सकाळी इडलीच्या गाडीवर गल्ला सांभाळते,
सुट्टे परत देताना एकदाही चुकत नाही.
वहीत वजाबाकी दिसली की मात्र
पेनाचं टोपण चावत बसते.
मी म्हणते, हातचा घे.
ती म्हणते, कुणाकडून?
साठाचं बिल, शंभराची नोट:
ती साठावरून चढत जाते,
सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर,
खाली उतरतच नाही कधी.
तीन संध्याकाळी गेल्या मला
हेही गणितच आहे हे कळायला.

मुबीन दारूखान्यात जुन्या जहाजांचं लोखंड उचलतो.
आठवीत त्याला उभं करून वाचायला लावायचे.
शाळेला तो शाला म्हणाला की
अख्खा वर्ग बाकं बडवायचा.
घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी,
जीभ मागे वळवायला शिकवणार कोण?
एका मधल्या सुट्टीत पाणी प्यायला गेला
आणि नळावरूनच निघून गेला.
चार वर्षं.

परवा निबंध लिहायला दिला
तर हा तक्त्याकडे बघत बसलेला.
काय रे?
"बाई, क कमळाचा, ग गवताचा,
सगळे पुढे उभे आहेत.
आणि ळ बाळाचा.
ण पण तसाच, बाणाच्या शेवटी.
यांना पुढे कुणी घेतच नाही काय?"

वीस वर्षं मराठी शिकवली मी.
नाही घेत, म्हटलं.
यांच्यापासून आपल्याकडे शब्दच सुरू होत नाही.

खालून प्रज्ञाशील म्हणाला,
"काढून टाकले तर?"
मग काय, फळा गेला. वेळ गेली.
गणित गेलं (सेल्वीनं टाळी दिली).
ओळख गेली, काळजी गेली,
जेवण गेलं तेव्हा थोडी चुळबुळ झाली,
"कोण" असं दारातून विचारताही येईना.
मुबीन सगळ्यात शेवटी,
जवळजवळ स्वतःशीच:
"शाला पण गेली."

कुणी हसलं नाही.
मीही दुरुस्त केलं नाही.

साडेआठला फॉर्म काढले, सतरा नंबरचे.
आधी कागदावर, मग सायबरवाल्याकडे.
सोबत जुना दाखला लागतो.
मुबीनचा घडीवर फाटलेला, चिकटपट्टी पिवळी पडलेली.
शाळा सोडल्याचे कारण: सतत गैरहजर.
अक्षर माझं नाही.
तिरपं, घाईचं, तरी ओळखीचं.
दिवसाच्या शाळेत होते तेव्हा
जूनमध्ये मीही असे दाखले गठ्ठ्यानं लिहायचे,
एका दुपारी चाळीस,
पहिल्याची शाई वाळायच्या आत दुसरा.
नळापर्यंत जाऊन
कधी बघून आले नाही.

"बाई, प्रथम भाषा काय लिहू?"
हिंदी घे, मी म्हटलं, सोपं जाईल.
त्यानं पेन झटकलं, थांबला,
मग रकान्याबाहेर जाईल इतक्या मोठ्या अक्षरात
मराठी लिहिलं.

वॉचमननं किल्ल्या वाजवल्या.
बाक हलले होते ते त्यानंच सरळ केले,
एकेक, दोन बोटांनी उचलून,
सकाळच्या पोरांसाठी.