मे महिन्यातला स्वेटर

लष्करात शेहेचाळीस अंश,
मी कूलरकडे पाठ करून, स्वेटरमध्ये.
"आळस," सासूबाई म्हणाल्या. "वय," हे.

दुधाच्या हिशेबाची वही उलटी धरून
मागून लिहायला घेतलं:
टीएसएच, अकरा पूर्णांक चार.
शेजारच्या बीएस्सीवाल्या इंदुलेखानं समजावलं,
आकडा चढला म्हणजे वरून हाका वाढल्यात,
खाली कुणी उठत नाहीये.
गोळी उपाशीपोटी. कॅल्शियम रात्री.
चहा तासाभरानं.
तो तास अजून सरत नाही.

दौलतगंजच्या डॉक्टरांनी न बघताच लिहिलं: तेच चालू.
मी वही पुढे सरकवली,
एका बाजूनं दूध, दुसऱ्या बाजूनं रक्त.
पानं उलटत म्हणाले, "मास्तरीण का?"
"नाही. पेशंट."

त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.